जाळीचा नंबर आणि जाळीचें छिद्र

पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं जाळीचा संसार फार लहान असे. धान्याची चाळण, पिठाची चाळणी आणि खुराड्याचें दार एवढ्यांत तो आटपे. आतां ठिबकाच्या फिल्टरांत जाळी आहे, फवारणीपंपाच्या नोझलमागें जाळी आहे, रोपवाटिकेच्या भोंवतीं जाळी आहे आणि जीवामृत गाळण्यासहि कापड लागतें. कामें वाढलीं, परंतु जाळी मागण्याची आपली भाषा मात्र जुनीच राहिली. "चाळीस नंबरची द्या" एवढें बोलून आपण पैसे मोजतों. पुढें भर हंगामांत ड्रिपर बुजले म्हणजे पाण्यास बोल लावितों व जाळीच्या आंत पांढरी माशी दिसली म्हणजे दुकानदारास. पुष्कळदां पाणीहि फारसें वाईट नसतें व दुकानदारहि लबाड नसतो. आपण जें मागितलें तें एक असतें, व आपणांस जें पाहिजे होतें तें दुसरें असतें. विणलेली तारेची जाळी व गाळण-कापड यांच्या व्यापारांत जे शब्द चालतात, त्यांचा नेमका अर्थ कळला तर हा घोटाळा टळतो. म्हणून ते शब्द येथें एकेक करून समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. मेश ही मोजणी आहे, माप नव्हे

व्यापारांत ज्यास 'मेश' किंवा नुसतें 'नंबर' म्हणतात, तो एका इंचाच्या लांबींत येणाऱ्या छिद्रांचा आंकडा होय. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हां दहा मेशची जाळी म्हणजे जिच्या एका इंचांत दहा छिद्रें व त्यांच्याबरोबर दहा तारा बसतात ती. एक छिद्र व त्याच्या शेजारची एक तार मिळून जें अंतर होतें, त्यास आपण या लेखापुरतें 'घर' म्हणूं. दहा मेशच्या जाळींत एक घर २५.४ भागिले १०, म्हणजे २.५४ मिलिमीटरांचें झालें. परंतु त्या घरांतील किती जागा तारेनें अडविली आहे, हें मेशच्या आंकड्यावरून मुळींच कळत नाहीं.

सरी-वरंब्याच्या उदाहरणानें ही गोष्ट सहज पटेल. शंभर फूट रुंदीच्या वावरांत पंचवीस सऱ्या पाडल्या, एवढेंच कोणीं सांगितलें तर एक सरी व एक वरंबा मिळून चार फूट होतात इतकेंच समजतें. वरंबा दीड फुटाचा ठेविला कीं अडीच फुटांचा, हें कळल्यावांचून सरी किती रुंद तें सांगतां येणार नाहीं. मेश हा सऱ्यांचा आंकडा, तार हा वरंबा, आणि छिद्र ही सरी. पाणी वाहतें तें सरींतून; सऱ्यांच्या आंकड्यांतून नव्हे.

यावरून पुढील नियम निघतो, व तो प्रत्येकानें पाठच करून ठेवावा: २५.४ ला मेशच्या आंकड्यानें भागावें, व त्यांतून तारेची जाडी वजा करावी. राहील तें छिद्र. सर्व मापें मिलिमीटरांत धरावीं. छिद्र फार बारीक असेल तर तें मायक्रॉनमध्यें सांगतात. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन होतात.

२. तारेचा गेज: आंकडा वाढे, तार घटे

तारेची जाडी सांगण्यासाठीं आपल्याकडे अद्याप ब्रिटिश 'स्टँडर्ड वायर गेज' वापरतात. यांतील आंकड्यांचा क्रम उलटा आहे. १० गेजची तार ३.२५ मिलिमीटर जाड, २० गेजची ०.९१ मिलिमीटर व ३० गेजची ०.३१५ मिलिमीटर. कुंपणाची तार घेणाऱ्यास हें ठाऊक असतें. परंतु जाळी घेतांना मेश व गेज हे दोन आंकडे एकत्र आले म्हणजे जाणत्याचाहि गोंधळ उडतो. पुढील कोष्टक आम्हीं वरील नियमानें मांडलें आहे.

१० मेश, २० गेज: तार ०.९१ मि. मी.; छिद्र १.६३ मि. मी.; मोकळी जागा शेंकडा ४१
१० मेश, २४ गेज: तार ०.५६ मि. मी.; छिद्र १.९८ मि. मी.; मोकळी जागा शेंकडा ६१
४० मेश, ३२ गेज: तार ०.२७ मि. मी.; छिद्र ०.३६ मि. मी.; मोकळी जागा शेंकडा ३२
४० मेश, ३६ गेज: तार ०.१९ मि. मी.; छिद्र ०.४४ मि. मी.; मोकळी जागा शेंकडा ४८

पहिल्या दोन्ही जाळ्या दुकानांत 'दहा नंबर' याच नांवानें विकल्या जातील. परंतु पावणेदोन मिलिमीटरचा दाणा एकींतून खालीं पडेल व दुसरीवर राहील. इतकेंच नव्हे, तर २४ गेजच्या तारेची ११ मेशची जाळी घेतली तर तिचें छिद्र १.७५ मिलिमीटर येतें. म्हणजे नंबर मोठा असूनहि तें २० गेजच्या दहा नंबरी जाळीपेक्षां मोठें आहे! 'नंबर जितका मोठा तितकी जाळी बारीक' हा समज तार सारखी असेल तेव्हांच खरा.

कोष्टकांतील 'मोकळी जागा' म्हणजे जाळीच्या एकंदर क्षेत्रापैकीं छिद्रांचें क्षेत्र. छिद्रास घरानें भागावें, आलेल्या संख्येस तिनेंच गुणावें व शंभरानें गुणावें. पाणी अगर वारा किती सहज पार जाईल हें या आंकड्यावर अवलंबून असतें. जाड तारेची जाळी टिकते पण वाट अडविते. बारीक तारेची वाट देते पण लौकर फाटते. दोन्ही गुण एकाच जाळींत पुरे मिळत नाहींत.

कुंपणाच्या व कोंबड्यांच्या जाळ्यांची भाषा आणखी निराळी आहे. तेथें 'दोन इंची जाळी' म्हणजे एका छिद्राचें माप. तेव्हां 'चार मेश' व 'चार इंची' यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे: पहिलींत इंचाला चार छिद्रें, दुसरींत एका छिद्राला चार इंच. शिवाय चेनलिंक म्हणजे एकमेकींत गुंतविलेल्या वेटोळ्यांची जाळी, व वेल्डमेश म्हणजे डाग देऊन जोडलेली. या दोन्ही जाळ्या ताण्याबाण्यानें विणलेल्या नव्हेत.

३. एकाच नंबराच्या तीन चाळणी

प्रयोगशाळेंतील चाळणींचे नंबर लावण्याच्या तीन पद्धती चालत आल्या: अमेरिकन प्रमाण, ब्रिटिश प्रमाण व टायलर नांवाच्या अमेरिकन कारखान्याची. प्रत्येकींत तारेची जाडी निराळी धरिली असल्यानें छिद्रहि निराळें येतें. अमेरिकन प्रमाणांत १० नंबरच्या चाळणीचें छिद्र २ मिलिमीटर आहे. ब्रिटिश व टायलर पद्धतींत त्याच नंबरचें छिद्र सुमारें १.७ मिलिमीटर आहे. माती-परीक्षणासाठीं माती २ मिलिमीटरच्या चाळणींतून चाळावयाची असते. कोणीं 'दहा नंबर' सांगितला व आपण ब्रिटिश पद्धतीची चाळण घेतली, तर नमुना चुकीचा चाळला जाईल. याच कारणास्तव भारतीय मानक ४६० मध्यें चाळणीची ओळख नंबरावरून न करितां छिद्राच्या मिलिमीटर अगर मायक्रॉन मापावरून केली आहे. जें प्रयोगशाळांनीं केलें तेंच शेतकऱ्यानेंहि करावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

४. वीण

जाळी मागावर कापडासारखीच विणतात. म्हणून तिचे शब्दहि विणकराचेच आहेत. लांबीच्या दिशेनें जाणाऱ्या उभ्या तारा म्हणजे ताणा, रुंदीच्या दिशेनें जाणाऱ्या आडव्या तारा म्हणजे बाणा, व बाजूची न उसवणारी कडा म्हणजे काठ. विणी मुख्यतः तीन आहेत.

साधी वीण: बाण्याची तार ताण्याच्या एका तारेवरून व पुढच्या तारेखालून जाते. छिद्र चौकोनी व स्वच्छ दिसतें. वर सांगितलेला नियम या विणीस नीट लागू पडतो.

ट्विल वीण: तार दोन तारांवरून व दोन तारांखालून जाते. ड्रिल कापडावर जशी तिरपी रेघ दिसते तशी हिच्यावर दिसते. छिद्राच्या मानानें तार जाड घ्यावयाची असेल तेव्हां ही वीण योजितात, कारण तारेस वळण कमी पडतें.

डच वीण: ताण्याच्या तारा जाड व विरळ असतात, आणि बाण्याच्या तारा बारीक असून एकमेकींस चिकटून ठोकलेल्या असतात. जाळी उजेडासमोर धरली तर आरपार सरळ छिद्र दिसत नाहीं. पाणी तारांमधील तिरप्या फटींतून वाट काढितें. हिचा नंबर जोडीनें सांगतात. '२४ गुणिले ११०' म्हणजे इंचांत ताण्याच्या २४ व बाण्याच्या ११० तारा. हिला वरील नियम लावूं नये. विकणाऱ्यानें सांगितलेले मायक्रॉनच पाहावे. दाबाखालीं टिकण्यास ही जाळी बळकट, परंतु फटींत अडकलेला गाळ धुवून काढण्यास जड जाते.

५. गाळण-कापड

तारेच्या जाळीस निश्चित छिद्र असतें. कापडास तसें नसतें. तेथें प्रथम पाहावयाचा तो धागा. एकाच सलग तंतूचा धागा असेल तर त्यास मोनोफिलामेंट म्हणतात; त्याचें कापड गुळगुळीत असतें व झटकल्यास लगेच मोकळें होतें. अनेक बारीक सलग तंतू एकत्र पिळले म्हणजे मल्टिफिलामेंट. कापसाप्रमाणें तोकड्या तंतूंचें सूत काढून विणलें तर तें लवदार कापड सर्वांत बारीक गाळ धरतें. पण धुण्यास सर्वांत कठीण असतें.

कापडाचें वजन 'जीएसएम' या आंकड्यानें सांगतात. एका चौरस मीटरचें वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. जीएसएम जास्त म्हणजे गाळणें बारीक, असें मुळींच नाहीं. जाड दोऱ्याचें विरळ कापडहि वजनदार असूं शकतें. बारीकपणाचा अंदाज त्यांतून ठराविक दाबानें किती हवा पार जाते यावरून बांधितात. मायक्रॉनचा आंकडा सांगितला असेल तर तो 'नॉमिनल' कीं 'ॲब्सोल्यूट' हें विचारावें. नॉमिनल म्हणजे त्या मापाचे बहुतेक कण अडतील, कांहीं जातील. ॲब्सोल्यूट म्हणजे त्याहून मोठा कण पार जाऊं नये.

कापडाच्या गाळण्यांत आणखी एक मर्म आहे. प्रारंभीं येणारें पाणी गढूळच असतें. थोड्या वेळानें कापडावर गाळाचा थर बसतो व मग खरें गाळण्याचें काम तो थरच करितो. म्हणून पहिलें गाळलेलें पाणी पुन्हा वरून ओतावें. आणि थर फार जाड होऊन धार थांबली म्हणजेच कापड धुवावें, त्याआधीं उगीच घासूं नये.

शेण व गूळ घातलेलें जीवामृत सुती कापडानें गाळीत राहिल्यास तें कापड लौकर कुजतें; पॉलीप्रॉपिलीनचें कुजत नाहीं. नायलॉनला आम्ल सोसत नाहीं व पॉलिस्टरला कडक क्षार सोसत नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

६. ठिबकाचा फिल्टर

आतां या शब्दांचा प्रत्यक्ष उपयोग पाहूं. ठिबकासाठीं असा ठोकताळा आहे कीं, फिल्टरचें छिद्र ड्रिपरमधील सर्वांत अरुंद वाटेच्या एकसप्तमांश ते एकदशांश असावें. छिद्र इतकें लहान कां ? कारण वाटेपेक्षां लहान असलेले कणहि दोन-तीन एकदम आले म्हणजे कमान धरून दारांत अडकतात. वाट एक मिलिमीटरची असेल तर छिद्र १०० ते १४० मायक्रॉनचें हवें. १२० मेशची जाळी ०.०८ मिलिमीटर तारेची असल्यास तिचें छिद्र १३० मायक्रॉन येतें. ठिबकांत '१२० मेश' हा शब्द इतका रूढ होण्याचें कारण हेंच. डिस्क फिल्टरमध्यें तर विणलेली जाळीच नसते, खाचा पाडलेल्या चकत्या असतात. तरी त्यावरहि मेशचा आंकडा लिहितात. तो केवळ तुलनेसाठीं आहे. तेथें मायक्रॉन पाहावे.

पाणी गढूळ आलें म्हणजे आणखी बारीक जाळी बसविण्याकडे आपला कल असतो. तो सोडावा. गाळाचे कण ५० मायक्रॉनपेक्षां लहान असतात, व चिकणमातीचे २ मायक्रॉनपेक्षांहि लहान. २०० नंबरच्या चाळणीचें छिद्रसुद्धां ७५ मायक्रॉन असतें. म्हणजे कोणतीहि नेहमींची जाळी पाण्याचा गढूळपणा काढूं शकत नाहीं. ती फक्त रेती व कचरा अडविते. फार बारीक जाळी घातल्यानें ती वारंवार तुंबते, दाब पडतो, आणि शेवटच्या ओळीस पाणी पोंचत नाहीं. गढूळ पाण्यास उपाय म्हणजे तें टाकींत अगर तळ्यांत निवूं देणें व नळ्यांचीं टोकें वेळोवेळीं उघडून आंतील गाळ धुवून काढणें. बोअरची रेती असेल तर हायड्रोसायक्लोन, शेततळ्याचें शेवाळ असेल तर रेतीचा फिल्टर, आणि त्यांच्यामागून राखणदार म्हणून जाळीचा फिल्टर, असा क्रम ठेवावा. शेवाळ मऊ असतें. दाबानें तें जाळीच्या छिद्रांतून पिळून निघतें, पण रेतीच्या जाड थरांत अडकतें. खत सोडण्याची जोडणीहि जाळीच्या फिल्टरच्या आधीं असावी, म्हणजे न विरघळलेले खडे ड्रिपरपर्यंत जात नाहींत.

जाळी काढून धुतांना ती उजेडासमोर धरून पाहावी. एका जागीं बोटाएवढी फाटलेली जाळी मग कोणत्याहि नंबरची राहत नाहीं.

७. कीटकरोधक जाळी

रोपवाटिकेभोंवतीं लावावयाची ही जाळी, जिला बाजारांत इन्सेक्ट नेट म्हणतात, प्लॅस्टिकच्या धाग्याची असते; पण तिचें गणित तारेच्या जाळीचेंच. किडीची छाती ज्या छिद्रांतून जात नाहीं तें छिद्र हवें. तज्ज्ञांच्या ग्रंथांत हीं मापें नेहमीं दिलेलीं आढळतात: नागअळीच्या माशीसाठीं ६४० मायक्रॉन, माव्यासाठीं ३४०, टोमॅटोचा पर्णगुच्छ व भेंडीचा केवडा पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीसाठीं २४० व फुलकिड्यांसाठीं १९० मायक्रॉन. याहून मोठें छिद्र कीड रोखील याची खात्री नाहीं.

आतां ०.२४ मिलिमीटर धाग्याची चाळीस मेशची चौकोनी जाळी घ्या. घर ०.६३५ मिलिमीटरांचें, त्यांतून धागा वजा जातां छिद्र सुमारें ३९५ मायक्रॉन. ही नागअळीची माशी रोखील. मावा व पांढरी माशी निश्चितपणें रोखणार नाहीं. तोच धागा ठेवून जाळी ५० गुणिले ५० केली तर छिद्र सुमारें २७० मायक्रॉन होतें, परंतु मोकळी जागा शेंकडा ३९ वरून २८ वर येते. वारा कोंडतो, आंतील उष्णता वाढते व रोपें कोमेजतात. यावरची युक्ति म्हणजे लांबट छिद्र. ५० गुणिले २५ अशा विणींत छिद्राची रुंदी २७० मायक्रॉनच राहते, लांबी मात्र तिच्या जवळजवळ तिप्पट होते, आणि मोकळी जागा शेंकडा ४० मिळते. कीड अडते ती छिद्राच्या अरुंद बाजूनें; वारा खेळतो तो एकंदर क्षेत्रानें. म्हणून कीटकरोधक जाळी घेतांना दोन्ही दिशांचे आंकडे व धाग्याची जाडी विचारल्यावांचून राहूं नये. वरील हिशेबावरून हेंहि दिसेल कीं, फुलकिडे अडविण्याचें वचन पन्नास मेशच्या जाळीवर देतां येत नाहीं.

८. नोझलची जाळी व बियाण्याची चाळण

नोझलमागील जाळी साधारणपणें ५० मेशची असते, व फार बारीक भोंकाच्या नोझलला १०० मेशची. पाण्यांत कालवावयाची भुकटी फवारतांना १०० मेशची जाळी तुंबते. तेव्हां ५० ची घालावी. जाळी काढून टाकून फवारूं मात्र नये, कारण नोझल सुईनें टोकरून तें मोठें केलें कीं औषधाचें प्रमाणच बिघडतें.

बियाणें प्रतवारीच्या चाळणी बहुधा विणलेल्या नसून भोंकें पाडलेल्या पत्र्याच्या असतात. गोल भोंक दाण्याची रुंदी निवडतें व लांबट फट दाण्याची जाडी निवडते. विणलेल्या चौकोनी छिद्राचा कर्ण बाजूच्या सुमारें १.४१ पट असल्यामुळें चपटा दाणा तिरपा होऊन निसटतो. यासाठींच अशा निवडीस पत्रा बरा.

९. घरच्या घरीं परीक्षा

जाळीवर पट्टी ठेवून भिंगानें एका इंचांतील छिद्रें मोजावीं; उभीं व आडवीं, दोन्ही. मग काठाची एक तार उसवून ती बोटांनीं सरळ करावी व पेन्सिलीवर लगत लगत वीस वेढे घालावे. वेढ्यांची एकूण लांबी मिलिमीटरांत मोजून वीसनें भागली कीं तारेची जाडी मिळते. या दोन आंकड्यांवरून छिद्र काढावें. चाळीस मेशपर्यंत हें सहज जमतें; त्याहून बारीक जाळीस मायक्रोमीटर लागेल.

तारेची धातुहि पाहावी. जस्ताचा मुलामा विणण्यापूर्वीं दिला कीं नंतर, हें विचारावें; नंतर दिलेला मुलामा तारांचे सांधे पक्के करितो, पण छिद्र थोडें बुजवितो. ठिबकांत आम्ल सोडावयाचें असेल तेथें जस्ताची जाळी घालूं नये, जस्त विरघळून जातें. तेथें स्टेनलेस स्टील घ्यावें. पाण्यांत क्षार अगर क्लोरीन जास्त असेल तर ३०४ पेक्षां ३१६ या जातीचें अधिक टिकतें.

१०. मागणी कशी लिहावी

'चाळीस नंबर जाळी, दहा फूट' अशी मागणी लिहूं नये. पुढीलप्रमाणें लिहावी: छिद्र अमुक मिलिमीटर अगर मायक्रॉन, तारेची अगर धाग्याची जाडी अमुक, मेश उभा व आडवा अमुक, वीण अमुक, धातु अगर धागा अमुक, रुंदी व लांबी अमुक. बिलावरहि हीं मापें लिहून घ्यावीं. माल निराळा निघाला तर 'नंबर' या शब्दावर तक्रार टिकत नाहीं, छिद्राच्या मापावर टिकते. आपण माप विचारूं लागलों म्हणजे दुकानदारासहि तें ठेवावें लागेल. गांवांतील चार बागाईतदारांनीं मिळून एक भिंग व एक मायक्रोमीटर घेऊन ठेविला, तर त्याचा खर्च बुजलेल्या ड्रिपरांच्या एका हंगामाहून खास कमी पडेल.